टक्के नंतर सांगा, पैसे कधी मिळणार ते आधी सांगा

प्रश्न विचारणारा मुलगा अर्थशास्त्र शिकतो आणि त्याला एक लघुपटही करायचा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हल्ली इतके मराठी चित्रपट लंडनला जाऊन का शूट होतात? तिथलं सरकार म्हणे परक्या निर्मात्यांनाही पैसे परत देतं, ते का? आपल्या सरकारनं तसंच करावं, की सिनेमासारख्या धंद्यात सरकारनं हातच घालू नये? आणि शेवटी, मी माझा लघुपट लंडनला करू का?

मी चोवीस वर्षं चित्रपटांचे हिशेब बघतोय. सुरुवातीला प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली व्हाउचरं चिकटवायचो, आता लाइन प्रोड्यूसर म्हणून, म्हणजे शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था सांभाळणारा म्हणून, बाहेरची शेड्यूल्स लावतो. त्यामुळे सरकार आणि अर्थव्यवस्था या विषयात माझं शिक्षण म्हणजे व्हाउचरंच. तेवढ्या भांडवलावर उत्तर देतो.

आधी लंडनचं गणित. ब्रिटनमध्ये २००७ पासून चित्रपटांना करसवलत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून तिचं नवं रूप लागू झालं. आपल्याकडे सगळे तिला 'सबसिडी' म्हणतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की विमानतळावर उतरलं की कोणीतरी पाकीट हातात देतं. तसं नसतं. त्या एका चित्रपटासाठी तिथे कंपनी काढावी लागते. खर्च त्या कंपनीतून करायचा, हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायचा आणि मग कंपनीच्या कर-विवरणपत्रासोबत दावा लावायचा. पात्र खर्चाच्या ३४ टक्के क्रेडिट, म्हणजे सरकारकडून परत येणारी रक्कम, मिळतं. पण हे क्रेडिट करपात्र आहे, त्यावर २५ टक्के कंपनीकर जातो. म्हणजे हातात पडतात साडेपंचवीस टक्के. त्यातही मूळ निर्मितीखर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंतचाच भाग धरतात. जाहिरात, वितरण, कर्जाचं व्याज यांतलं काही मोजत नाहीत.

समजा चित्रपटाचा मूळ खर्च ४ कोटी. त्यातला ३ कोटींचा खर्च ब्रिटनमधला, उरलेलं एडिटिंग, डबिंग, संगीत मुंबई-पुण्यात. ३ कोटींवर ३४ टक्के म्हणजे १ कोटी २ लाख. कर जाऊन ७६ लाख ५० हजार. हे पैसे चित्रपट झाल्यावर येणार, आणि शूटिंगला तर पैसे आज लागतात. मग त्या दाव्यावर उचल देणारे फायनान्सर असतात, ते सात-आठ लाख कापून घेतात. वकील, लेखापरीक्षक, तिथला कंपनीचा हिशेबनीस यांचे पाच-सहा लाख. राहिले साधारण ६३ लाख.

आता हीच गोष्ट वाईला केली तर? वाडा, घाट, गाड्या, हॉटेल, जेवण, सगळं धरून समजा २ कोटी ६० लाख. लंडनचे ४ कोटी वजा ६३ लाख म्हणजे ३ कोटी ३७ लाख. वाईपेक्षा पाऊण कोटी जास्तच. त्या सवलतीनं लंडन जेवढं महाग होतं त्यापेक्षा थोडं कमी महाग होतं, एवढंच. तरी निम्मे नवे निर्माते माझ्याकडे येतात ते 'लंडनला फुकटात होतं ना?' असं विचारतच.

मग लोक जातात कशाला? याचं एक उत्तर कोणी मुलाखतीत देत नाही: तारखा. मराठी नट सकाळी मालिकेच्या सेटवर, संध्याकाळी नाटकाच्या प्रयोगाला, शनिवार-रविवार दौऱ्यावर. मुंबईत सहा नटांच्या पंचवीस दिवसांच्या तारखा जुळवता जुळवता चित्रपट आठ महिने लांबतो. लंडनला त्याच सहा जणांना एकदा विमानात बसवलं की पंचवीस-अठ्ठावीस दिवस ते तुमचेच. कोणी 'अर्ध्या दिवसात सोडा, डोंबिवलीला प्रयोग आहे' म्हणत नाही. म्हणून ही स्क्रिप्टं बहुतेक एका मोठ्या घरात, एका लग्नात किंवा एका सहलीत घडतात. प्रेक्षकांना वाटतं लेखकाला परदेशाची हौस आहे. ते वेळापत्रकाचं काम असतं. शिवाय पोस्टरवर थेम्स दिसली की चॅनेल आणि ओटीटीवाले बोलायला जरा लवकर बसतात, हेही खरं.

आता त्या सवलतीतलं एक कलम सांगतो, कारण सरकार नियम लिहितं तेव्हा नेमकं काय होतं ते त्यात दिसतं. ब्रिटिश नियम म्हणतो, खर्च ब्रिटनमध्ये 'वापरला गेलेला' असावा. पैसे घेणारा ब्रिटिश असण्याची अट नाही. म्हणजे वर्सोव्यात राहणाऱ्या नटानं लंडनमध्ये जेवढे दिवस काम केलं, तेवढ्या दिवसांचं मानधनही त्या ३ कोटींत धरलं जातं. कॅमेरा अंधेरीच्या भाडेवाल्याकडून नेला आणि तिथे वापरला, तर तेही भाडं चालतं. पण तोच चित्रपट अंधेरीत एडिट केला तर तो खर्च बाद. त्यामुळे निर्माता साहजिकच जास्तीत जास्त दिवस तिकडे ढकलतो. ज्या घरातल्या प्रसंगासाठी ठाण्यातला फ्लॅट चालला असता, तोही लंडनच्या हॅरो उपनगरात शूट होतो. (नटाच्या मानधनातून तिथे परदेशी कलाकार म्हणून कर कापावा लागतो. हे नटाला समजावून सांगणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. इकडे विवरणपत्रात तो दाखवता येतो, हे पटायला साधारण तीन फोन आणि एक सीए लागतो.)

दुसरी गंमत सांस्कृतिक चाचणीची. चित्रपट 'ब्रिटिश' आहे असं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय दावा लावता येत नाही. चाचणी ३५ गुणांची, पास व्हायला १८ लागतात. इंग्रजी संवादांना सहा गुण असतात, मराठीला त्यातलं काही मिळत नाही. मग ते अठरा कुठून आणायचे? कथा ब्रिटनमध्ये घडते, याचे गुण. मुख्य पात्रं तिथली नागरिक किंवा रहिवासी आहेत, याचे गुण. विषय तिथला, शूटिंग तिथलं, तंत्रज्ञ तिथले. पहिल्या खर्ड्यात साताऱ्याहून सहलीला आलेला नायक तिसऱ्या खर्ड्यात लंडनजवळच्या स्लाऊमध्ये बारा वर्षं नोकरी करणारा का होतो, हे आता कळलं असेल. मी स्वतः एका लेखकाला फोन करून सांगितलंय, 'अहो, तुमच्या मावशींना तिथलं नागरिकत्व द्या, आपल्याला दोन गुण कमी पडतायत.' तो बिचारा अर्धा मिनिट गप्प बसला, मग म्हणाला, 'मावशी विधवा राहिली तर चालेल ना?'

हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानं वहीत लिहून ठेवावं. सरकार ज्या गोष्टीला गुण देतं, ती गोष्ट वाढते. तिच्याबरोबर चांगलं काही वाढेलच असं नाही. ब्रिटननं हा धडा शंभर वर्षांपूर्वी घेतला होता. अमेरिकन चित्रपटांनी थिएटरं भरून गेली म्हणून १९२७ साली तिथे कायदा झाला की थिएटरांनी ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट दाखवलेच पाहिजेत. कोटा भरायचा म्हणून मग स्वस्तातले, घाईत उरकलेले चित्रपट निघाले. त्यांना नावच पडलं 'कोटा क्विकी'. आपल्याकडे सत्तरच्या दशकात करपरतावा आला. तिकिटावरचा करमणूक कर निर्मात्याला परत, पण त्यानं पुढचा मराठी चित्रपट काढला तर. त्या योजनेनं मराठी चित्रपट जगवला, हे कोणीही नाकारणार नाही. पण परतावा मोकळा करून घेण्यासाठी म्हणून काढलेले चित्रपट कसे ओळखायचे, हे फिल्म धुणाऱ्या लॅबमधले जुने लोक फिल्मचा डबा हातात घेऊनच सांगायचे.

आता मूळ प्रश्न: ब्रिटिश करदात्याचे पैसे वर्सोव्यातल्या नटाला का? खरं उत्तर असं की तो नियम आपल्यासाठी लिहिलेलाच नाही. तो हॉलिवूडच्या शेकडो कोटींच्या चित्रपटांसाठी लिहिला आहे, आपण त्या ट्रकच्या मागे सायकल धरून चाललोय. मोठा स्टुडिओ आला की सेट बांधणारे सुतार, शिंपी, लाइटमन, स्फोटवाले, कॉम्प्युटरवर दृश्यं घडवणारे, हजारो माणसांना काम मिळतं. कामाची खात्री दिसली म्हणून २०१९ साली डिस्नेनं लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत आणि नेटफ्लिक्सनं शेपर्टन स्टुडिओत लांब मुदतीसाठी स्टेज घेऊन ठेवले. सरकारला हवं होतं ते हेच. एका चित्रपटाचे पाहुणे सरकारच्या हिशेबी किरकोळ असतात. दहा वर्षं तिथेच राहून काम शिकणारी माणसं तयार होणं हा खरा माल आहे, आणि टक्केवारी ही त्याची किंमत. हंगेरीनंही २००४ पासून हेच केलं. हळूहळू दर ३० टक्क्यांवर नेला, आणि आज बुडापेस्टमध्ये तुम्हाला कुठल्याही खात्याचा तयार क्रू मिळतो.

पण हे सगळीकडे जमत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यानं २००८ मध्ये ४२ टक्क्यांपर्यंत सवलत दिली. मोटारींचे कारखाने बंद पडत होते, वाटलं कॅमेरे येतील. पाँटियाक शहरात जनरल मोटर्सच्या जुन्या जागेवर स्टुडिओ उभा राहिला, त्याच्या रोख्यांना हमी कोणाची, तर सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाची. स्टुडिओला रोख्यांचे हप्ते झेपेनात, ते पेन्शन फंडावर आले. २०१५ मध्ये योजनाच गुंडाळली. कॅमेरे दुसऱ्या राज्यात गेले, कारण आले होते तेही फक्त टक्क्यासाठीच. त्याच वर्षी, २००८ मध्येच, जॉर्जियानं योजना वाढवली: २० टक्के, आणि श्रेयनामावलीत राज्याचं चिन्ह दाखवलं की आणखी १०. कमाल मर्यादा नाही. तिथलं क्रेडिट विकताही येतं. म्हणजे चित्रपटाशी काहीही संबंध नसलेला अटलांटातला एखादा करदाता ते थोड्या कमी भावात घेतो आणि स्वतःचा कर भागवतो. अटलांटा चित्रपटांचं मोठं ठाणं झालं, हे खरंच. पण २०२० मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकांनी सांगितलं की फायद्याचे आकडे फुगवून सांगितले गेलेत आणि न बसणाऱ्या खर्चालाही क्रेडिट गेलंय. त्यानंतर लेखापरीक्षण सक्तीचं झालं. आधी बारा वर्षं पैसे वाटले, मग मोजायला बसले.

न्यूझीलंडची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. २०१० मध्ये 'द हॉबिट' या हॉलिवूडपटाच्या वेळी तिथल्या नटांच्या संघटनेनं कराराच्या अटींवरून वाद काढला. वॉर्नर ब्रदर्स या त्याच्या स्टुडिओकडून संकेत गेला की चित्रपट दुसऱ्या देशात नेऊ. स्टुडिओचे अधिकारी वेलिंग्टनला आले, पंतप्रधान जॉन की यांच्याबरोबर बैठका झाल्या, आणि ऑक्टोबर संपायच्या आत संसदेनं तातडीनं कायदा बदलला: चित्रपटात काम करणारा माणूस कराराने वेगळं म्हटलं नसेल तर नोकर नव्हे, कंत्राटदार. वर आणखी सवलतही दिली. चित्रपट तिथेच झाला, पर्यटक आले, चित्रपटातल्या त्या गोल दारांच्या घरांसमोर फोटो काढून गेले. पण सामूहिक करार करायचा मार्ग त्या कामगारांना पुन्हा मिळाला तो २०२२ च्या कायद्यानं. आता कोणी विचारलं की सरकारनं अर्थव्यवस्थेत हात घालावा का, तर मी हीच गोष्ट सांगतो. तिथे सरकारनं हात घातलाच होता. प्रश्न हा आहे की हाताला धरून कोण नेत होतं.

परक्या पैशावर उभा केलेला धंदा परक्याच्या आजारपणात झोपतोही. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले, तेव्हा लंडनमधले लाइटमन आणि मेकअपवाले महिनोन्‌महिने घरी बसले. संप त्यांचा नव्हता, मागण्या त्यांच्या नव्हत्या. माझ्या ओळखीचा एक फोकस पुलर (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा) त्या काळात पार्सलची व्हॅन चालवत होता. आणि मे २०२५ मध्ये ट्रम्प यांनी जाहीर केलं की अमेरिकेबाहेर बनलेल्या चित्रपटांवर १०० टक्के शुल्क लावणार. ते लावणार कशावर, हे कोणालाच कळेना. चित्रपट काही कंटेनरमधून बंदरावर उतरत नाही. पण बातमी आल्याच्या आठवड्यात माझे दोन फोन आले, 'आपलं लंडन कॅन्सल का?'

कोणत्याही सरकारनं एक पैसा न देताही चित्रपटवाले बाहेर जायचेच. १९१२ साली दादासाहेब फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, तंत्र शिकले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. १९१४ मध्ये पुन्हा गेले तेव्हा तिथले निर्माते हेपवर्थ यांनी तिथेच राहून चित्रपट काढायचा प्रस्ताव दिला होता. फाळके नाशिकला परत आले. पुढे १९२७-२८ मध्ये रंगाचारियार यांच्या चौकशी समितीपुढे त्यांनी साक्षही दिली. सरकारनं चित्रपटासाठी काय करावं, या प्रश्नाची फाईल आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आता आपल्याकडे वळू. केंद्र सरकारची परदेशी चित्रपटांसाठी योजना आहे. २०२२ मध्ये ती ३० टक्के आणि कमाल २ कोटी होती. २०२३ च्या गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात ती ४० टक्के आणि कमाल ३० कोटी केल्याचं जाहीर झालं. म्हणजे एखादी परदेशी कंपनी उद्या वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर आली तर तिला खर्चाच्या पावत्यांवर परतावा मिळू शकतो. त्याच घाटावर मराठी निर्माता आला तर? त्याच्यासाठी राज्याचं अर्थसाहाय्य आहे: चित्रपट तयार झाल्यावर समिती बघते, दर्जा ठरवते, 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख. दोन्ही योजना सरकारीच, पण स्वभाव पूर्ण वेगळे. एक पावती बघते, दुसरी चित्रपट बघते.

मला दोन्ही हव्यात, पण त्यांची सरमिसळ नको. चांगल्या, अवघड, न चालणाऱ्या चित्रपटाला समाजानं पैसे द्यावेत, आणि ते जाणत्या माणसांनी बघूनच द्यावेत. ते ग्रंथालयाच्या अनुदानासारखं आहे. पण त्या पैशावर धंदा उभा राहत नाही, कारण ४० मिळणार, ३० मिळणार की काहीच नाही, हे चित्रपट संपेपर्यंत कळत नाही. निर्मात्यानं ते बजेटमध्ये धरायचं की नाही? मी कधीच धरू देत नाही. ब्रिटिश योजनेला तुमचा चित्रपट चांगला आहे की टुकार याच्याशी काहीही देणंघेणं नाही, हा तिचा दोषही आहे आणि गुणही. नियमात बसला तर पैसे येणार म्हणजे येणार. म्हणून तर त्या दाव्यावर तिथला फायनान्सर आज उचल देतो. आपल्याकडच्या एखाद्या मंजुरीच्या पत्रावर कोणी उचल देईल का, हे विचारून बघा. माझ्या मते सरकारी योजनेची हीच खरी परीक्षा.

का म्हणतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका देशात (ब्रिटन नव्हे, नाव सांगत नाही) आमचं शेड्यूल झालं. सवलत ३० टक्के. आमचा तिथला खर्च २ कोटी, म्हणजे परतावा ६० लाख. निर्मात्यानं तेवढी रक्कम बाजारातून दरमहा शेकडा दोन व्याजानं उचलली होती, आठ महिन्यांत फिटेल या हिशेबानं. तिथल्या कार्यालयानं आधी बिलांची भाषांतरं मागितली, मग अधिकारी बदलला, मग नव्या अधिकाऱ्याला बिलांच्या मूळ प्रती हव्या झाल्या, त्या जुन्याकडे. पैसे आले विसाव्या महिन्यात. पूर्ण आले, एक रुपया कापला नाही. पण वीस महिन्यांचं व्याज २४ लाख झालं होतं. हातात राहिले ३६ लाख. म्हणजे कागदावर ३० टक्के, खिशात १८. त्याच्या शेजारच्या देशात २० टक्के सवलत होती आणि पैसे सहा महिन्यांत मिळायचे. तिथे गेलो असतो तर ४० लाखांवरचं सहा महिन्यांचं व्याज ४ लाख ८० हजार, हातात ३५ लाख २० हजार. फरक ऐंशी हजारांचा, आणि त्या चौदा महिन्यांत निर्मात्याची उडालेली झोप यात धरलेली नाही. तेव्हापासून कुठल्याही फिल्म कमिशनचा, म्हणजे शूटिंग आपल्या देशात आणायला नेमलेल्या कार्यालयाचा, माणूस भेटला आणि टक्के सांगायला लागला, की मी त्याला थांबवून आधी मागच्या तीन दाव्यांच्या तारखा विचारतो.

परवानग्यांचंही तसंच. 'एक खिडकी' सगळेच सांगतात. पण खिडकी एक आणि आत टेबलं सात असतील तर बाहेरच्या माणसाला काय फरक पडला? घाटावर शूटिंग म्हणजे नदी आली, म्हणजे पाटबंधारे आलं. रस्ता अडवायचा तर पोलीस. जनरेटर लावायचा तर आणखी कोणी. आणि गावात देवळाचे विश्वस्त, ज्यांची परवानगी कुठल्याच खिडकीत नसते, पण ज्यांच्याशिवाय ट्रायपॉड टेकत नाही.

वाईचं उदाहरण मी पुन्हा पुन्हा देतो, कारण तिथे सरकारच्या पैशाशिवाय उद्योग उभा राहिलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. सत्तर-ऐंशी माणसांचं युनिट पंधरा दिवस आलं की लॉज भरतात, टेम्पो लागतात, गर्दीच्या प्रसंगाला गावातली माणसं बसतात. बैलजोडी हवी म्हटलं की एक फोन, सनई-चौघडा म्हटलं की दुसरा. हा फोन कोणाला करायचा हे माहीत असलेली माणसं तिथे तयार झालीत, आणि ती शिकली सेटवरच्या स्पॉटबॉयच्या कामापासून. पण या खर्चाचा हिशेब कोणी ठेवत नाही. कोणत्या तालुक्यात चित्रपटवाल्यांनी वर्षाला किती रुपये टाकले, हे कळत नसेल तर सवलत कुठे द्यायची, किती द्यायची, हे सरकार ठरवणार कशावरून? मी अर्थमंत्री असतो तर पहिली दोन वर्षं टक्केवारी जाहीरच केली नसती. फक्त पावत्या मोजल्या असत्या. मग मुंबई सोडून बाहेरच्या जिल्ह्यात झालेल्या खर्चावर छोटा परतावा, समजा १० टक्के, पण अर्ज पूर्ण झाल्यापासून नव्वद दिवसांत. एक्क्याण्णवाव्या दिवशी दिला तर सरकारनं व्याज द्यायचं. एवढं एक कलम घातलं तर बँका स्वतःहून निर्मात्याच्या दारात येतील.

आणि जे सवलतीनं होणार नाही त्यासाठी थेट पैसा लागेल: लाइटमनचं, साउंडवाल्याचं, हिशेबनीसाचं प्रशिक्षण. हो, हिशेबनीसाचं. परदेशी परताव्याचा दावा नीट लावू शकतील अशी माणसं मराठी चित्रपटसृष्टीत माझ्या दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील, आणि अंगठे मोकळे राहतील.

आता तुमचा लघुपट. बजेट तुम्ही चार लाख लिहिलंय. लंडनचा विचार सोडा. ती चित्रपटसवलत थिएटरमध्ये तिकीट लावून दाखवायच्या चित्रपटांसाठी आहे. आणि बसला असता तरी कंपनी, लेखापरीक्षक आणि वकील यांची फीच तुमच्या बजेटपेक्षा जास्त होते. व्हिसाचंही बघावं लागतं: चित्रपट परदेशी कंपनीचा आणि परदेशी पैशाचा असेल तर युनिटला पाहुण्यांच्या व्हिसावर लोकेशन शूटिंग करता येतं, पण सवलतीसाठी निर्माती कंपनीच ब्रिटिश दाखवली की तो आधार डळमळतो आणि कामाचा व्हिसा लागतो. या एका गाठीत माझे चांगले चांगले निर्माते अडकलेत. गोष्ट लंडनमध्येच घडत असेल आणि तुमची तिथे मावशी असेल, तर मावशीकडे राहा, दोन माणसं आणि एक कॅमेरा घेऊन जा, सवलतीचं नावही काढू नका.

पुढेमागे मोठा चित्रपट घेऊन गेलातच, तर एक सांगून ठेवतो. आमच्या एका शेड्यूलला तिथल्या एका मराठी काकूंनी बावीस दिवस युनिटला डबे दिले. पोहे, उसळ, आमटी-भात, रविवारी कोंबडी. तिथल्या केटररच्या निम्म्या दरात, आणि सकाळी सहाला गरम. लाइटिंगचे गोरे मदतनीसही सँडविच सोडून आमच्या रांगेत यायला लागले. एकूण झाले १,८०० पौंड, रोख दिले, काकूंनी वहीच्या पानावर 'मिळाले' लिहून सही केली. लेखापरीक्षकानं ते पान उलटंसुलटं बघितलं आणि बाजूला ठेवलं. कंपनीच्या नावानं बिल नाही, पत्ता नाही, तारखा नाहीत. १,८०० पौंडांचा खर्च बाद, म्हणजे परताव्यातले ४५९ पौंड गेले. तेव्हा जेवण कोणाकडूनही घ्या, पण बिल पहिल्याच दिवशी, कंपनीच्या नावानं, छापील घ्या. आणि काकूंचा फोन नंबर प्रॉडक्शन मॅनेजरच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा.